साखर न घालता

१२ मार्च

प्रिय टिटवी,

परवा फोनवर 'सगळं बरं आहे' म्हणाले, ते खोटं होतं. घर दोन खोल्यांचं. भट्टीपाशी तीस वर्षं काढून तुझ्या दादाचे कान गेलेत, पण नको ते मात्र त्यांना बरोबर ऐकू येतं. म्हणून पत्र.

ह्यांना साखर निघाली आहे. महिन्यापूर्वी उजव्या अंगठ्याला बूट चावला, एवढंसं खरचटलं. ते काही भरेना. मी म्हणायची डॉक्टरकडे चला, तर म्हणे, "चटके खाऊन कातडी निबर झालीय, तिला वेळ लागतो." शेवटी मोज्याला वास यायला लागला तेव्हा ओढत नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि विचारलं, "दिवसभरात काय काय पिता?" ह्यांनी सांगून टाकलं, "नारिंगी. आठ बाटल्या. उन्हाळ्यात दहा." बाईंनी पेनच खाली ठेवलं.

तुला माहीत आहे त्यांचं काम. काच वितळते तिथे माणूसही वितळतो. भट्टीवरच्या लोकांसाठी गार, गोड नारिंगीच्या बाटल्यांचं मशीन दाराशीच आहे, कितीही प्या, फुकट. तीस वर्षं हे तेच पीत आले. मी कधी काही म्हटलं नाही. घामाने निथळून आलेल्या माणसाला पिऊ नको कसं म्हणणार?

तीन महिन्यांची सरासरी का काय ती साडेदहा आहे. बाई म्हणाल्या, हे असंच राहिलं तर पायाचं काही खरं नाही. गोळ्या दिल्यात, आणि गोड पेय अजिबात बंद.

तू तुझ्या हॉस्पिटलात रोज शंभर लोकांना काय खा, काय प्या सांगतेस. एक माझ्या घरच्यालाही सांग. नुसतं पाणी ते पीत नाहीत. म्हणतात, पाणी अंघोळीला. तोंडाला चव येईल, गार लागेल, तहान भागेल आणि साखर नसेल, असं काहीतरी लिही. मला उसवणं आणि शिवणं येतं, यातलं काही कळत नाही. रागावू नकोस मात्र. ते काम मी रोज करतेच आहे.

तुझी,
वहिनी

ता.क. अंगठ्याचं नख पडलं. हे तुला कळवू नको म्हणाले होते.

२० मार्च

प्रिय वहिनी,

रागावले नाही. रडले थोडी, मग तोंड धुऊन हे लिहायला बसले.

आधी काय द्यायचं नाही ते सांगते, कारण माणसं तिथेच फसतात. बंद डब्यातला फळांचा रस नाही. घरी काढलेलाही नाही. चार संत्री एका पेल्यात पिळून चोथा फेकायचा, म्हणजे उरली काय, साखरच की. मध नाही. गूळ नाही. 'नैसर्गिक गोडवा' असं जिथे लिहिलंय ते तर दुकानातच ठेवून ये. बाटली घेतलीस तर पुढचं चित्र बघू नकोस, मागची बारीक अक्षरं वाच. साखर तिथे दहा नावांनी राहते: सिरप, अर्क, माल्ट. भाडेकरूसारखी, पाटी बदलते, माणूस तोच. साखरेऐवजी टाकायच्या गोड गोळ्याही नकोत मला. जीभ गोडालाच चिकटून राहते.

आता काय द्यायचं. काकडीच्या चकत्या आणि पुदिना रात्रभर पाण्यात. आलं किसून उकळून गार केलेलं, वर लिंबू. बार्ली भाजून उकळलेलं पाणी, त्याला खमंग वास येतो. पातळ ताक, चिमूटभर मीठ. पण भट्टीजवळ ते टिकणार नाही, घरीच दे. साध्या सोड्यात लिंबू पिळून. बिनसाखरेचा कोरा चहा गार करून, त्यात लवंग नाहीतर दालचिनी. एकेक करून बघ, आणि मला कळव काय म्हणतो ते.

मला आठवतंय, मी अकरा वर्षांची होते, तू नवी नवरी. मला ताप आला होता आणि मी काही केल्या औषध पीत नव्हते. तू चमच्याला 'साहेब' म्हणायचीस. 'साहेब आले, दार उघडा.' मी तोंड उघडायची. तुला जमतं वहिनी. तुझ्या हातून माणूस पितो.

टिटवी

९ एप्रिल

प्रिय टिटवी,

निकाल ऐक.

काकडीचं पाणी: "मी गाय आहे का?" बार्ली: "ही कपड्यांना लावायची खळ आहे, चुकून पेल्यात आली." आलं-लिंबू: "माझा घसा चांगला आहे." सोडा प्यायले, ढेकर दिली, आणि म्हणाले, "यात पेय कुठे आहे, नुसती ढेकरच आहे." ताक तू घरीच दे म्हणालीस, मी शहाणी, दिलं डब्यात. भट्टीजवळ ते असं फुगलं की दुपारी झाकण उडालं ते थेट मुकादमाच्या शर्टावर. तो शर्ट मीच धुऊन, इस्त्री करून परत दिला.

तू हसशील म्हणून हे आधी लिहिलं. पुढचं हसण्यासारखं नाही.

नारिंगी त्यांनी सोडली आहे. एकदम, एका दिवसात. मला वाटलं होतं लपून पितील, पण नाही. अंगठा बघितल्यापासून भ्याले आहेत. पण त्या दिवसापासून घरात माणूस नाही, सावली आहे. येतात, बूट काढतात, भिंतीकडे तोंड करून बसतात. अर्धं जेवण ताटात राहतं. काही विचारलं तर "ठीक आहे." तीस वर्षं हा माणूस गल्लीच्या तोंडापासून शीळ घालत यायचा. मी शिलाईचं मशीन थांबवून ताट घ्यायला उठायची, घड्याळाची गरजच नव्हती. आता दारात उभे राहिले तरी मला पत्ता लागत नाही.

काल सरळच विचारलं, "अहो, काय होतंय?" म्हणाले, "काही नाही गं. दिवसभर आगीसमोर उभं राहायचं आणि संध्याकाळी वाट बघायला काही नाही."

मी इथे बसले होते, टिटवे. समोरच.

एखादा चमचा साखर घातली तर चालेल का गं? अगदी एक?

वहिनी

१६ एप्रिल

वहिनी,

नाही. एकही चमचा नाही.

चमचा कधी एकटा येत नाही, पाठोपाठ सगळं गोत येतं. मी रोज बघते. 'फक्त एक' म्हणणारेच वर्षभराने चाकाच्या खुर्चीत येतात. जिभेला सवय व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढी कळ काढ. तो गप्प बसेल, चिडेल, बसू दे.

स्पष्ट लिहिते, वाईट वाटून घेऊ नकोस. आता सगळं तुझ्या हातात आहे. तू डगमगलीस तर त्याचा पाय जाईल.

चहा राहिलाय ना अजून? तो करून बघ. संत्र्याच्या सालीचा वरचा पातळ भाग घाल, रस नाही. वास नारिंगीचाच येतो. अर्धी चव नाकात असते.

टिटवी

२ मे

प्रिय टिटवी,

जमलं!

चहाच. पण तुझा नाही, माझा. कडक उकळायचा, गाळायचा, गरम असतानाच संत्र्याची साल आणि पुदिन्याची मूठभर पानं टाकून झाकायचं. गार झाला की लिंबू, आणि मिठाचा एक कण. रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी मोठ्या डब्यात भरून देते, अडीच लिटरचा आहे. संध्याकाळी डबा रिकामा. घरी आल्यावर आणखी दोन पेले.

परवा डबा विसरून गेले तर गल्लीतून परत आले. मुकादमानेही एक घोट मागितला म्हणे, ह्यांनी दिला नाही. आणि ऐक: शीळ परत आली. काल एका बाईंच्या स्कर्टची कड घालत होते, आवाज आला तशी सुई तशीच टोचून उठले.

तुझं म्हणणं खरं होतं. नाकातच असते चव.

अंगठा अजून ओला आहे, पण माणूस ताळ्यावर आला की अंगठाही येईल.

वहिनी

११ मे

माझी गुणाची वहिनी,

तुझं पत्र मी हॉस्पिटलात आमच्या खोलीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. आणि आता सोबतचा कागद बघ.

हो, छापलाय. 'बिनसाखरेची चविष्ट पेयं' या नावाने. पहिल्या नंबरवर काय आहे वाच: 'वहिनीचा गार चहा'. आमच्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्येकाला एक देतो. काल करून ठेवला होता, एका आजोबांनी एक पेला प्यायला. तोंड वाकडं केलं, पण म्हणाले, "सवय होईल." मी त्यांना म्हटलं, "माझ्या दादाला झाली. भट्टीवरचा माणूस तो. त्याला झाली तर तुम्हाला का नाही?"

आता मी निवांत आहे. पुढची तपासणी ऑगस्टमध्ये ना? बघ कसा आकडा खाली येतो.

तुझी,
टिटवी

२८ ऑगस्ट

वहिनी,

तू कळवलं नाहीस म्हणून मी डॉक्टरीणबाईंना फोन करून आकडा विचारला. अकरा पूर्णांक दोन. साडेदहाचा कमी व्हायचा सोडून वाढला. गोळ्या वाढवल्या, तरी.

दादा बाहेर पितोय. दुसरं काही असूच शकत नाही. मी हे काम अठरा वर्षं करतेय. तू घरी जिवाचं रान करतेस आणि तो मशीनपाशी जाऊन बाटल्या रिचवतो. शीळ परत आली म्हणे. का आली ते आता कळलं.

तुला सांगून तुझ्याच्याने काही झालं नसतं, तू त्याच्यापुढे विरघळतेस. म्हणून मी कारखान्यातल्या प्रथमोपचाराच्या नर्सबाईंशी परस्पर बोलले. त्या समजूतदार आहेत. मशीनवर सूचना लावतील आणि गेटवर त्याची पिशवी बघत जातील. त्याला राग येईल. येऊ दे. पाय राहिला तर रागावायला उभा तरी राहील.

टिटवी

१५ सप्टेंबर

टिटवे,

मला पत्र लिहायची सवय नाही. अक्षरं मोठी काढतोय, डोळ्यांपुढे जरा धुरकट येतं.

मशीनवर माझा फोटो लावलाय. ओळखपत्रावरचाच, मोठा करून. खाली लिहिलंय, यांना पेय देऊ नये. तीस वर्षं मी त्या भट्टीवर आहे. आज जे बरण्या काढतात त्यातल्या निम्म्यांना फुंकणी कशी धरायची ते मी शिकवलं. आता ते फोटोसमोर बाटली धरतात आणि म्हणतात, "घ्या उस्ताद, एक घोट." गेटवर पिशवी उलटी करतात. सगळ्यांच्या देखत. डब्याचा वास घेतात.

परवापासून मला भट्टीवरून काढून पॅकिंगला बसवलं. पायासाठी म्हणाले. तिथे बायका आणि पोरं खोकी चिकटवतात. गार आहे. मला गार सोसत नाही.

हे सगळं तू केलंस, असं नर्सबाई म्हणाल्या.

मी मार्चपासून नारिंगीचा एक थेंब घेतलेला नाही. दुसरंही काही नाही. तुझी वहिनी देते तेवढंच पितो. तिला विचार. आकडा का वाढला ते मला माहीत नाही, ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगायचं.

आई गेल्यावर तुझ्या वेण्या मी घालायचो. वाकड्या घालायचो, पण घालायचो. तुझ्याशी खोटं बोलून मला काय मिळणार आहे?

दादा

२४ सप्टेंबर

दादा,

वेण्या मला आठवतात. म्हणूनच गप्प बसवत नाही.

माणूस खोटं बोलतो, आकडा बोलत नाही. माझ्यासमोर रोज माणसं शपथा घेतात आणि त्यांचं रक्त दुसरंच सांगतं. तुझंही तेच सांगतंय. वहिनीला मध्ये घालू नकोस. तिने तुझ्यासाठी जे केलं ते कुणी करत नाही.

तू कबूल कर. मग पुढचं बोलू. तोवर मला लिहू नकोस.

टिटवी

३ डिसेंबर

टिटवी,

तू गेल्या महिन्यात चार दिवस इथे होतीस. ऑपरेशनच्या दिवशी बाकावर माझा हात धरून बसलीस. हे तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, तोंड भिंतीकडे केलं, आणि तू मला म्हणालीस, "वहिनी, तुझं कसं होणार याच्याबरोबर." मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. तुझी गाडी सुटली तसं मनाशी ठरवलं, लिहायचं. तरी दहा दिवस गेले.

चहात साखर होती.

सगळं लिहिते, मग तुला काय म्हणायचं ते म्हण. एप्रिलच्या शेवटी पहिल्यांदा चहा केला तेव्हा नव्हती. तू सांगितलंस तसाच केला होता. ह्यांनी घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि "ठीक आहे" म्हणाले, परक्याच्या घरी म्हणतात तसं. मी पेला उचलून आत आणला आणि त्यात दोन चमचे घालून परत नेला. म्हटलं, "आता बघा, गार झालाय." उभ्या उभ्या प्यायले. माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी बघितलं, टिटवे. "हे काय केलंस गं," म्हणाले, आणि हसले.

मला वाटलं, आठ बाटल्यांपुढे दोन चमचे म्हणजे काय. तुला लिहायलाही बसले होते. पण समोर तुझं पत्र होतं, एकही चमचा नाही. मग साखर तेवढी वगळून बाकी सगळं लिहिलं. वाटलं, हळूहळू कमी करीन, मग खोटं उरणारच नाही. तेवढ्यात तुझा छापील कागद आला. पहिल्या नंबरवर मी. माझं नाव, म्हणजे नातं का असेना, आयुष्यात कुठे छापलं गेलं नव्हतं. तो मी माझ्या शिलाईच्या मशीनच्या वर चिकटवला. मग कशी सांगणार?

कमी करायला गेले की म्हणायचे, "आज जरा पाणचट झालाय." मी वाढवायची. चमचे गेले, वाटी आली. ऑगस्टमध्ये डब्यात दीड वाटी जात होती. मला मोजायचं नव्हतं, पण हाताला सवय आहे मोजायची.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खरं सांगा, बाहेर काय पिता?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वजनकाट्याकडे बघत होते. तुझं सप्टेंबरचं पत्र आलं तेव्हा म्हणाले, "तू तरी सांग गं तिला." मी म्हटलं, "सांगते."

दुसऱ्या दिवशी साखर न घालता डबा भरला. खरंच भरला. संध्याकाळी तसाच परत आणला. पॅकिंगच्या खोक्यांचा गोंद हातावर होता, तो खरवडत म्हणाले, "आज काय झालं? तूही रागावलीस का माझ्यावर?" मशीनवर फोटो, गेटवर पिशवी, तुझं पत्र, आणि आता माझा चहा. मी पुन्हा घातली.

ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून मला खाली वाकायला सांगितलं. म्हणाले, "मी काहीतरी पीत असेन गं. झोपेत पीत असेन. एवढी सगळी माणसं म्हणतात, म्हणजे असणार." मला वाटलं होतं तेव्हा तरी माझ्या तोंडून निघेल. दार बंद झालं.

गुडघ्याखाली कापलाय ते तू बघितलंसच. मी जन्मभर लोकांच्या पँटी आखूड करत आले. काल ह्यांच्या पाच पँटींचे उजवे पाय आखूड केले. दोन्ही बाजू सारख्या आहेत ना हे बघायला सवयीने कड कडेला लावली, आणि मग तशीच बसून राहिले.

साखर आता बंद आहे. हॉस्पिटलातून आल्यापासून. ते काही म्हणत नाहीत, आता कशालाच काही म्हणत नाहीत.

वहिनी

५ फेब्रुवारी

वहिनी,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. त्यात जे होतं ते तुला कळायला नको.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सगळे कागद काढून टाकले. कुणीतरी विचारलं, का? मी म्हटलं, चूक आहे त्यात. काय चूक, ते सांगवलं नाही.

तुझ्यावर मी किती रागावले आहे ते लिहीत नाही. पण एक गोष्ट लिहायलाच हवी. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी शिकवते, पिणाऱ्याला विचारण्याआधी ओतणाऱ्याला विचारा. आकडा वाढला तेव्हा माझं पहिलं काम होतं तुला विचारणं, वहिनी, डब्यात काय काय घालतेस? एक ओळ. मी ती लिहिली नाही. त्या चहावर तुझं नाव होतं आणि त्याखाली माझा शिक्का. तो चुकीचा निघण्यापेक्षा दादा खोटा निघालेला मला चालला. आणि एप्रिलमध्ये तू विचारलं होतंस तेव्हा मी तुला धमकी दिली. 'एका चमच्यापासून सुरू कर आणि मला रोज सांग' असंही लिहिता आलं असतं. दुसऱ्यांना मी तसंच सांगते.

त्याला सांग. मी फोनवर सांगू शकते, पण त्याला ऐकू येणार नाही आणि मला ओरडून सांगता येणार नाही. शिवाय ते तुझं आहे. पाय गेला तो गेला, पण आपण खोटे होतो असं समजून त्याला जगू देऊ नकोस.

सोबत त्याच्यासाठी एक बंद पत्र आहे. तू सांगितल्यावर दे. आधी नको.

मला माफ करशील का, असं तू विचारलं नाहीस, ते बरं केलंस.

टिटवी

१९ मार्च

टिटवी,

सांगितलं.

सकाळी सांगितलं, उजेडात, म्हणजे मला तोंड लपवता येऊ नये. ते खिडकीपाशी बसले होते. कानाजवळ जाऊन मोठ्याने बोलावं लागलं. शेजारची बाई कपडे वाळत घालायची थांबली, तिनेही ऐकलं असणार. म्हटलं, "अहो, तुम्ही काही पीत नव्हता. चहात मी साखर घालत होते."

मला वाटलं ऐकू आलं नाही, पुन्हा म्हणणार होते. तेव्हा विचारलं, "किती?"

"आधी दोन चमचे. नंतर दीड वाटी."

"रोज?"

"रोज."

मान हलवली. साच्यातून बरणी नीट सुटली की हलवायचे तशी. मग म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो."

"नाही."

"कारखान्यात कुणीतरी सांगायला पाहिजे हे."

मी दुपारी गेले कारखान्यात. नर्सबाईंना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. फोटो केव्हाच काढलाय म्हणाल्या, मशीनच बदललंय. भट्टीवर आता बहुतेक नवी माणसं आहेत. मुकादमाला सांगितलं, तो "बरं, बरं" म्हणाला आणि पायाची चौकशी करून कामाला लागला. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "सांगितलं सगळ्यांना." ह्यांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "त्यांना वाईट वाटलं." बघ, पुन्हा खोटं. जिभेला सवय लागते म्हणायचीस ना तू.

तुझं पत्र दिलं. हातात घेऊन उलटसुलट केलं. डोळ्यांनी आता छापील मोठी अक्षरंही धड दिसत नाहीत, डॉक्टर म्हणतात आतल्या बारीक शिरा गेल्या, परत यायच्या नाहीत. मी म्हटलं, "वाचून दाखवू?" म्हणाले, "तुझ्या तोंडून नको." शेजारणीला बोलावू का विचारलं, तर नको. उशीखाली ठेवलंय, अजून फोडलेलं नाही. तू ये असं ते म्हणालेले नाहीत. येऊ नको असंही नाही. मी मुद्दाम विचारून बघितलं, "टिटवीला काय लिहू?" तर म्हणाले, "तिला म्हणावं, काम नीट कर."

माझ्यावर ओरडले नाहीत. एकदाही नाही. मी वाट बघत होते. पहिल्या आठवड्यात वाटायचं, आज ओरडतील, आज भांडं फेकतील, मग मी पाया पडेन, रडेन, काहीतरी होईल. काही झालं नाही. फक्त माझ्या हातून घेणं थांबलं. ताट वाढून ठेवलं तर ते बाजूला सारतात आणि पातेल्यातून स्वतः घेतात. गोळ्या शेजारणीच्या मुलीकडून मोजून घेतात. मी समोर असताना.

साखर आटोक्यात आली आहे. सहा पूर्णांक नऊ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता कसं छान जमलं तुम्हाला." मग डावा पाय बघितला. दोन बोटं काळी पडली आहेत. पुढच्या सोमवारी ठरवतील.

मी अजून सकाळी पेला भरून त्यांच्याजवळ ठेवते. साधं पाणीच असतं, त्यांच्यासमोर नळाचं भरते, दाखवून. तो तसाच राहतो. तहान लागली की कुबडी घेतात, भिंत धरत धरत आत जातात. आठ पावलांची वाट, त्यांना बराच वेळ लागतो. तिथे दुसरा पेला घेतात, तीनदा विसळतात, आत बोट फिरवून बघतात, मग भरतात आणि उभ्यानेच पितात.

काल अर्ध्या वाटेत तोल गेला. मी मशीनवरून धावले. त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, तिथेच थांब म्हणून. मी थांबले. भिंतीला डोकं टेकून दम खाल्ला, आणि मग पुढे निघाले. मी उभीच होते. थोड्या वेळाने आतून नळ सोडल्याचा आवाज आला.

वहिनी